मधला चेंडू

बशीरभाई मजगावकर. हे नाव आधी लिहून टाकतो. मी सांगायला बसलो की पुढचं मागं आणि मागचं पुढं होतं, आणि ज्याचं नाव पहिल्यांदा यायला पाहिजे तो माणूस कुठंतरी कडेला राहून जातो. बशीरभाई तर आयुष्यभर नावात दुसरेच राहिले. पेपरात छापून यायचं 'इंगवले-मजगावकर'. निदान माझ्या कागदावर तरी त्यांचं नाव पहिलं असू द्या. रत्नागिरीत माझं काम जाणार होतं, आणि कामाबरोबर मीही परत गावाकडं जाणार होतो, तेव्हा ह्या माणसानं माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. ती कशी, ते आता सांगतो.

मी जत तालुक्यातला. शाळा आठवीत सोडली. सोडली म्हणजे एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली, मग लाजेचंच एक वर्ष झालं. पुढं चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर आमच्याकडची माणसं जायची, त्यांच्याबरोबर तेविसाव्या वर्षी कोकणात उतरलो. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली, जो तो तिच्याबद्दल बोलायचा. मी मात्र ट्रकमधनं आलो, चिरे भरून न्यायला रिकाम्या चाललेल्या.

जिमखान्याची भिंत बांधायला चिरे टाकायचे होते. उतरवताना एक चिरा माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख उचकटलं. पलीकडं टेनिसच्या कोर्टावर एक उंच, वाळलेला माणूस पांढऱ्या चड्डीत एकटाच उभा होता. तो जाळीवरनं उडी मारल्यासारखा आला आणि म्हणाला, नळाखाली पाय धर. मी आमच्या सवयीनं म्हटलं, "असू दे."

तो माणूस असा बघायला लागला की जणू मी शिवीच दिली.

"असू दे म्हणजे काय?" तो म्हणाला. "दुखतंय की नाय दुखत? एक काय ते सांग. असू दे असं नाय बोलायचं. इथं तर नायच बोलायचं."

मी घाबरून म्हटलं, दुखतंय. मग त्यानं स्वतः पाणी घातलं, स्वतःचा रुमाल फाडला. हे बशीरभाई. पंधरा दिवसांनी त्यांनीच सेक्रेटरींकडं शब्द टाकला आणि मी कोर्टाच्या कामाला लागलो. खाणीवरचे सोबती म्हणाले, नशीब काढलंस, सावलीत काम. सावली कसली, कोर्टावर एक झाड नव्हतं. पण तिथं मला कुणीतरी नावानं हाक मारत होतं. बाकी सगळे 'ए घाटी' म्हणायचे. बशीरभाई 'महादेव' म्हणायचे, पूर्ण.

ते तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. मांडवीला बहिणीच्या घरी राहायचे, लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी टेनिस हाच त्यांचा धंदा होता. पण एकट्यानं खेळायचं नव्हे, जोडीनं. अकरा वर्षं देशोदेशी हिंडून त्यांनी फक्त दुहेरी सामने खेळले. एकेरी का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एकटा माणूस हरला तर कोणाशी भांडेल?" हे हसत म्हणाले की खरंच म्हणाले, ते मला आजपर्यंत ठरवता आलं नाही.

त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता. सदऱ्याची उजवी बाही नेहमी आधी उसवायची आणि बहीण कुरकुरत शिवायची. आणि पाय. त्यांचे पाय कधी जमिनीवर नीट टेकलेले मी पाहिले नाहीत. समोरच्यानं बोलायला तोंड उघडलं की हे टाचा उचलून एक बारीकशी उडी घ्यायचे, सर्व्हिस येणार असल्यासारखी. बोलणं कुठून येईल, डावीकडनं की उजवीकडनं, त्याची तयारी. बँकेत, पोस्टात, सगळीकडं. मासळी बाजारात एक बाई त्यांना रोज म्हणायची, "चाचा, नाचताय कशाला, बांगडा पळून नाही जायचा." हे खजील होऊन थांबायचे. तिनं भाव सांगायला तोंड उघडलं की परत उडी.

चालताना ते नेहमी बरोबरच्या माणसाच्या डावीकडं. बाकावर बसले तर डाव्या टोकाला, उजवी जागा मोकळी. मांडवीच्या काळ्या वाळूच्या पुळणीवर रोज पहाटे पळायचे, तिथंही एका बाजूनं, जणू शेजारी कुणीतरी पळतंय आणि त्याला वाट द्यायचीय. मला आधी वाटलं, एका कानानं कमी ऐकू येत असेल. मग कळलं. कोर्टाची डावी बाजू त्यांची होती. उजवी दुसऱ्या कुणाची तरी होती, आणि तो माणूस सोळा वर्षांपूर्वी निघून गेला होता. त्या जागी उभं राहणारं त्यांना कुणीतरी हवं होतं. सगळ्या रत्नागिरीला हे माहीत होतं, आणि कुणी त्यांच्यासमोर बोलत नव्हतं.

सकाळी ते जिमखान्यात शिकवायचे. शिकायला येणारे कोण? बँकेतले साहेब, दोन-तीन डॉक्टर, एक आंब्याचे बागायतदार, त्यांच्या बायका. बशीरभाई त्यांना फटके कमी आणि बोलणं जास्त शिकवायचे. चेंडू दोघांच्या मधनं आला की तो घेणाऱ्यानं ओरडून सांगायचं, 'माझा'. दुसऱ्यानं घ्यावा असं वाटलं तर 'तुझा'. गप्प राहायचं नाही. "हरलात तरी चालेल," ते ओरडायचे, "पण बोला. कोणाचा? कोणाचा?" बाहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं आत वाटणीचं भांडण चाललंय.

तिथं लिमये म्हणून जोडपं होतं, तो बँकेत, ती घरी शिकवण्या घ्यायची. लिमयेवहिनींच्या तोंडून 'तुझा' निघेना. नवऱ्याला 'तू' कसं म्हणणार, तेही चार माणसांत? त्यांनी 'तुमचा' म्हणून बघितलं, तेवढ्यात चेंडू मागं जाऊन पडायचा. शेवटी त्या नुसतं 'अहो' म्हणायला लागल्या. लिमये दचकून मागं वळून बघायचे आणि चेंडू त्यांच्या पाठीवर. असं तीन वेळा झाल्यावर बशीरभाईंनी खेळ थांबवला. आम्हाला वाटलं आता चिडणार. ते जाळीपाशी दोन्ही पायांवर डुलत उभे राहिले आणि विचार करून म्हणाले, "ठीक. 'अहो' म्हणजे त्यांचा. वहिनी गप्प म्हणजे वहिनींचा. लिमये, तुम्ही वळून बघायचं नाय. घरी बघा." त्या पावसाळ्याच्या आत लिमये जोडपं सगळ्यांना हरवायला लागलं. डॉक्टर मंडळी तक्रार करायची, की 'अहो' ऐकून आम्हीच गोंधळतो.

ह्या लिमयांनीच मला तो जुना किस्सा सांगितला. म्हणजे गावात जसा सांगतात तसा.

जोडीदाराचं नाव विलास इंगवले, कोल्हापूरचे. एका मोठ्या परदेशी स्पर्धेत शिरायला ह्या दोघांना एकच सामना जिंकायचा राहिला होता. तो जिंकला असता तर नाव झालं असतं, पुढची पाच वर्षं कुणी दारात अडवलं नसतं. शेवटचा सेट. समोरच्यांना एक गुण हवा. चेंडू उंच उडून मागं, दोघांच्या बरोबर मधे निघाला. बशीरभाई म्हणाले, 'असू दे.' आता आमच्याकडं, देशावर, असू दे म्हणजे राहू दे, जाऊ दे, नाद सोड. बशीरभाईंच्या घरात अर्थ उलटा. त्यांची आई दुसऱ्याच्या हातातली टोपली काढून घेताना म्हणायची, 'असूंदे', म्हणजे तू ठेव, मी घेते. झालं. बशीरभाई आपल्या भाषेत म्हणाले, मी घेतो. इंगवल्यांनी आपल्या भाषेत ऐकलं, बाहेर चाललाय, सोड. कुणी कुणावर भरवसा ठेवला देव जाणे, पण चेंडू कुणीच मारला नाही. तो रेघेवर पडला. सामना गेला. परतीच्या प्रवासात दोघं एक अक्षर बोलले नाहीत, आणि पुढच्या वर्षी इंगवले दुसऱ्या कुणाबरोबर उतरले.

मला हे ऐकून पायाचं नख आठवलं. त्या दिवशी मी नेमका कोणता शब्द बोललो होतो!

बशीरभाई स्वतः त्या सामन्याबद्दल बोलत नसत. इंगवल्यांबद्दल मात्र बोलायचे, आणि तेही जेवणाचं. परदेशात हलाल मटण मिळायचं नाही, म्हणून बशीरभाई अंडी आणि पाव खाऊन राहायचे. पहिल्याच दौऱ्यात इंगवल्यांनी समोरची ताटली सरकवली आणि तेही पाव-अंड्यावर आले. ह्यांनी समजावलं, तू खा, माझं काही नाही. ते म्हणाले, एकानं एक खायचं नि दुसऱ्यानं दुसरं, मग पाय एका वेळी कसे उचलतील? "कोल्हापूरचा माणूस," बशीरभाई मला म्हणायचे, "त्यानं अकरा वर्षं घराबाहेर मटणाला हात लावला नाय. तुला कळतंय का महादेव, मी काय सांगतंय ते?" मला कळत होतं. आमच्याकडंही माणसं मटणासाठी भावकी तोडतात.

मग जिमखान्याचा वर्धापनदिन आला. आमचे सेक्रेटरी पटवर्धन वकील. माणूस हिशेबी, कोर्टात आणि कोर्टावर दोन्हीकडं कडक. त्यांच्या डोक्यात आलं, जुनी इंगवले-मजगावकर जोडी पुन्हा एकदा उतरवावी, गावाला बघायला मिळेल. त्यांनी बशीरभाईंना विचारलं. बशीरभाई हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, चार दिवस मांडवीपासून दीपगृहापर्यंत नुसते चालत राहिले. पाचव्या दिवशी एक पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं, पेटीत टाक म्हणून. कार्ड उघडंच असतं, मी वाचलं. 'विलास, सामना आहे. उजवी बाजू रिकामी आहे. ये. बशीर.'

पुढचे तीन आठवडे त्यांनी पोस्टमनला भंडावून सोडलं. शिकवताना मधेच फाटकाकडं बघायचे. चेंडू टाकायचे आणि विसरायचे. एकदा मला म्हणाले, "हा एकदा परत फिरला ना, तर पुन्हा यायचा नाय. आणि मी पुन्हा बोलावायचं नाय." मग कार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता, 'येतो', आणि तारीख. शनिवारी दुपारच्या एसटीनं येणार, रविवारी संध्याकाळी सामना.

आता माझं.

आमचं कोर्ट जांभ्याच्या भुकटीचं होतं. चिरा फोडून, चाळून, त्यात थोडं शेण, वर पाण्याचा हात मारून रोलर फिरवायचा. बशीरभाईंनी मला शिकवलं होतं, रोज हलकं शिंपडायचं, बस. पण त्या आठवड्यात ऊन कडक पडलं आणि कोर्टाला बारीक भेगा दिसल्या. एवढा मोठा माणूस कोल्हापूरहून येणार, सगळं गाव बघणार, आणि भेगा! मला माझ्या बापाचं खळं आठवलं. आमच्या काळ्या मातीत सुगीच्या आधी खळं करताना जमीन पाण्यानं पार भिजवतात, मुरू देतात, मग तुडवून सारवतात. दगडासारखं होतं ते खळं. मी शुक्रवारी दुपारी कुणाला न विचारता नळ सोडला आणि कोर्ट पोटभर पाजलं. मनात म्हटलं, आता बघा. शनिवारी सकाळी रोलर घातला.

काळी माती पाणी पिते आणि बसते. ही तांबडी माती पाणी पिऊन सुटते. रोलर दहा हात गेला नाही तोवर कोर्टाची साल त्याला चिकटून वर यायला लागली. मी घाबरून रोलर मागं घेतला, तर मागची पण साल निघाली. मधोमध, अगदी जाळीपासून मागच्या रेघेपर्यंत, खालची खडी उघडी पडली. मी तिथंच उकिडवा बसलो. उठावं, पळावं, खाणीवर जावं, गावाकडं जावं, काहीच ठरेना.

पटवर्धन वकील आले ते नऊला. त्यांनी कोर्ट बघितलं, मग मला बघितलं. आवाज चढवला नाही. मला म्हणाले, गाठोडं बांध. सामना रद्द. इंगवल्यांना एसटी स्टँडवरच गाठून सांगू, पाऊस झाला, कोर्ट खराब झालं, कारण काही सांगता येईल, आणि त्याच गाडीनं परत पाठवू. मग जाता जाता म्हणाले, "घाटावरची अक्कल. कोर्ट म्हणजे काय जोंधळ्याचं शेत वाटलं?"

बशीरभाई कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांचे पाय त्या वेळी हलत नव्हते. म्हणून मी वर बघितलं.

"माझा," ते म्हणाले.

वकिलांना काही समजलं नाही. "काय तुमचा?"

"दोष. मी त्याला सांगितलं पाणी सोडायला. भेगा बघून मीच सांगितलं. त्याचा काय संबंध? तो सांगितलं तेवढं करतो."

वकील त्यांच्याकडं बघत राहिले. साक्षीदार खोटं बोलतोय हे त्यांना कळत असणार, तो त्यांचा धंदाच. पण बशीरभाईंसारखा साक्षीदार उलटतपासात मोडत नाही हेही कळलं असावं. त्यांनी हात पुढं केला आणि कोर्टाच्या शेडच्या किल्ल्या मागितल्या. तीन वर्षं त्या किल्ल्या बशीरभाईंच्या कमरेला होत्या. कोर्टाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा, असा जिमखान्याचा रिवाज होता. तो त्या सकाळी संपला, आणि परत कधी सुरू झाला नाही. त्यांनी किल्ल्या काढून दिल्या. एवढंच म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. वकील म्हणाले, करा काय करायचं ते, जबाबदारी तुमची.

ते गेल्यावर मी विचारलं, भाई, तुम्ही खोटं का बोललात? त्यांच्या उड्या परत सुरू झाल्या होत्या. म्हणाले, "मधे पडला होता. तू नवखा, मी जुना. मग कोणाचा?" आणि मला फावडं आणायला पिटाळलं.

आम्ही दोघांनी चिखल खरवडायला सुरुवात केली. सुटलेलं सगळं काढायचं, खडीवर नवी सुकी भुकटी चाळून पसरायची, नुसता पाण्याचा हबका मारायचा, आणि रोलर, रोलर, रोलर. दोन माणसांचं ते एका दिवसाचं काम नव्हतं. बशीरभाई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे. स्टँडवर घ्यायला जायची वेळ झाली तरी हातातलं फावडं खाली ठेवेनात. जावं तर काम राहतं, न जावं तर तो एकटा उतरणार. मी म्हणालो मी जातो. म्हणाले, तू त्याला ओळखत नाहीस. मग म्हणाले, मी तरी ओळखीन का?

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सफारी घातलेला, पोट सुटलेला, भल्या मिशीचा एक माणूस उतरला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कांदा-लसूण मसाल्याची बरणी. तो आत आला, रेघेच्या बाहेर उभा राहिला आणि त्या उकरलेल्या कोर्टाकडं बघत बसला. सोळा वर्षांनी दोघं समोरासमोर, आणि मधे हे असं.

"बश्या," तो म्हणाला, "हे रं काय करून ठेवलंयस?"

"पाणी जास्त झालं."

"असू दे की."

माझ्या हातातली चाळण थांबली. बशीरभाईंचं तोंड मला दिसत नव्हतं. पाठ तेवढी दिसत होती, आणि ती ताठ झाली.

"असू दे म्हणजे?" ते सावकाश म्हणाले. "तू ओढणार, का मी?"

"दोघं ओढू लेका. दांडी दोघांची हाय."

इंगवल्यांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, बरणी मला धरायला दिली. आमच्या रोलरची दांडी आडवी, दोन माणसांनी धरायची. ते आले आणि न विचारता उजवीकडं उभे राहिले.

दुपारभर त्यांनी रोलर ओढला. मी पुढं भुकटी पसरत होतो, त्यामुळे ते जवळ आले की ऐकू यायचं, लांब गेले की नाही. आधी गुडघ्यांचं बोलले. मग कोण कोण वारलं ते. मग बराच वेळ नुसता रोलर वाजला. तिसऱ्या की चौथ्या फेरीला माझ्यापाशी येऊन ते थांबले.

"तो चेंडू," बशीरभाई म्हणाले. "माझा होता, विलास."

"न्हाई. माझा. आत पडणार हे मला दिसत होतं. पण तू असू दे म्हणालास. म्हटलं, बशीर घेतोय, आपण कशाला मधे हात घालायचा?"

"मी घेतो असं तुला वाटलं?"

"मग? तुझ्या आईच्या हातचं किती वर्षं जेवलो. तुमच्यात असूंदे म्हणजे काय, ते मला ठाऊक न्हाई व्हय?"

बशीरभाईंनी दांडी सोडली. कपाळावर हात मारला, मातीचा पंजा उमटला. "अरे, मी तुझ्या भाषेत बोललो. मला वाटलं बाहेर जातोय. तुला पटकन कळावं म्हणून तुझ्यासारखं बोललो. असू दे, सोड."

इंगवले त्यांच्याकडं बघत राहिले. मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "आणि मी तुझ्यासारखं ऐकलं."

मी खाली बघून भुकटी पसरत राहिलो, जिथं आधीच पसरली होती तिथं परत पसरत राहिलो. गावात इतकी वर्षं जो किस्सा चालला होता तो बरोब्बर उलटा होता. एकमेकांची भाषा कळली नाही म्हणून ते हरले नव्हते. जास्त कळली म्हणून हरले होते. मग इंगवले वाकले, मातीतला एक खडा उचलून बाहेर फेकला आणि म्हणाले, चल, ऊन उतरायच्या आत दोन फेऱ्या होतील.

रविवारचा सामना झाला. कोर्ट टिकलं. मधे थोडं मऊ होतं, पण टिकलं. जुनी जोडी दोन तरुण डॉक्टरांकडनं सपाटून हरली. इंगवले दर गुणाला धापा टाकायचे. बशीरभाई सामना संपल्यावर जे चिडले ते डॉक्टरांवर. त्यांना बाजूला घेऊन झापलं, की तुम्ही आख्ख्या सामन्यात एकदाही मधे चेंडू मारला नाहीत. डॉक्टर म्हणाले, सर, तुमचा मान ठेवला. बशीरभाई म्हणाले, मान घरी ठेवायचा. कोर्टावर मधे मारायचा.

इंगवले दरवर्षी येतो म्हणून गेले. दुसऱ्या वर्षी त्यांचं कंबरेचं हाड दुखायला लागलं. मग शस्त्रक्रिया. मग पोस्टकार्ड आलं, की डॉक्टर खेळायला नको म्हणतात, चालायला हो म्हणतात. बशीरभाई कोल्हापूरला जाऊन आले, दोघं मिळून मटण जेवले, असं सांगितलं. पण कोर्टाची उजवी बाजू परत रिकामी झाली. शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी उभं राहायचं, एक सेट, दोन सेट. बशीरभाई 'माझा' म्हणून ओरडायचे तेव्हा ती माणसं दचकून बाजूला व्हायची. त्यांना दचकणारा नको होता.

मला मस्कतचं काम त्यांनीच मिळवून दिलं. त्यांचा भाचा तिकडं एका हॉटेलात होता. हॉटेलची सहा कोर्टं, त्यांची देखभाल करणारा माणूस हवा होता. बशीरभाईंनी चिठ्ठी लिहून दिली. त्यात माझ्या शिक्षणाचा उल्लेख नव्हता. लिहिलं होतं, ह्याच्याकडून एकदा कोर्ट बिघडलं आहे, त्यामुळे पुन्हा बिघडणार नाही. मला ते वाचून घाम फुटला, की हे वाचून मला कोण ठेवेल? ठेवलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला जिमखान्यात गेलो. मुंबईची गाडी दहाची. मी आठपासून तीन वेळा पासपोर्ट चाचपला होता. बशीरभाई कोर्टावर होते, पलीकडनं लिमये चेंडू टाकत होते. मला बघून त्यांनी हात वर केला, खेळ थांबवला.

"ये, उजवीकडं उभा राहा. चार चेंडू."

मी म्हटलं, भाई, मला येत नाही.

"येत नाय म्हणून तर बोलावतंय. येणारे काय, पुष्कळ हायत."

मी म्हटलं, पायात चपला आहेत. गाडी चुकेल. कागद हातात आहेत, कुठं ठेवू? अशी सतराशे कारणं सांगितली. खरं कारण वेगळं होतं. भीती वाटत होती, मधे चेंडू येईल, ते माझ्याकडं बघतील आणि माझ्या तोंडातनं आवाज निघणार नाही. ते हसले. आग्रह केला नाही. जा म्हणाले, पोचल्याचं कळव.

फाटकातनं मी मागं बघितलं. लिमये चेंडू टाकत होते, एक डावीकडं, एक उजवीकडं. डावीकडचा बशीरभाई परत मारायचे. उजवीकडचा शेजारनं निघून जायचा, मागच्या जाळीला लागायचा, आणि ते तिकडं मानही वळवायचे नाहीत. त्या दोन्हींच्या मधे टाचा उचलून ती बारीकशी उडी.

हे लिहितोय त्याला आता पाच वर्षं झाली मस्कतला. इथली कोर्टं सिमेंटची, वर निळा रंग, पाणी जास्त झालं तर नुसतं वाहून जातं. रोज सकाळी हॉटेलचे पाहुणे उठायच्या आधी मी पाऊण तास खेळतो. एक केरळचा स्वयंपाकी आहे, तो माझ्या डावीकडं उभा राहतो. सर्व्हिस अजून जाळीत जाते. बॅकहँड वाईट आहे. पण मधे चेंडू आला की मी ओरडतो, पोटातनं, इतका की पोहायच्या तलावावरचा पहारेकरी बघायला येतो. बशीरभाईंचे गुडघे आता त्रास देतात असं भाचा सांगतो. मी त्यांना कळवलंय, गुडघे सांभाळा, एवढ्यात थांबू नका. पुढची रजा नाही तर त्याच्या पुढची, मी रत्नागिरीला येणार आहे. आल्या आल्या बूट घालणार, तुमच्या शेजारी उभा राहणार आणि एक पुरा सेट खेळणार. त्यात हरलो तर माझ्यामुळं हरलो असंच सांगायचं, बशीरभाई, तुम्ही मधे पडायचं नाही. एवढं तरी मी तुमचं फेडणार आहे.